खाजेची ट्यूब आणि पेरभर मलम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘खाजेची एखादी चांगली ट्यूब द्या.’ खानदेशात चोपड्यापासून शहाद्यापर्यंत आणि पाचोऱ्यापासून शिरपूरपर्यंत मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. ‘आंगले खाज येस’ (अंगाला खाज येते) एवढ्यावर ट्यूब हातात पडते. रोग कोणता, अंगावर कुठे, किती दिवसांपासून, हे सहसा कोणी विचारत नाही. दोन दिवसांत खाज थांबते आणि महिन्याभरात दुपटीने परत येते. उपचार आणि औषधविक्री अशा दोन्ही बाजूंनी या ट्यूबशी रोज संबंध येणारे आम्ही काही जण हे पत्र मुद्दाम सविस्तर लिहीत आहोत. ‘स्टेरॉइड वाईट, लावू नका’ एवढंच सांगून भागत नाही. तेवढंच कानावर पडलं की ज्याला ते मलम खरोखर हवं असतं त्याचीही ट्यूब कपाटात पडून राहते, आणि इसब झालेलं लेकरू रात्रभर अंग ओरबाडत राहतं.

मलमातलं स्टेरॉइड हे व्यायामशाळेत ऐकू येणारं स्टेरॉइड नव्हे. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथीत कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार होतं, त्याच्या जातीचं हे औषध. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसब आटोक्यात येतो हे पहिल्यांदा दिसलं, आणि त्वचारोगाची चिकित्साच बदलली. हे औषध त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि सूज आणणाऱ्या पेशींना शांत करतं. म्हणून लाली उतरते, खाज थांबते. इसब, सोरायसिस, एखाद्या वस्तूची ॲलर्जी, कीटकदंश या ठिकाणी शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरलेली असते, त्यामुळे तिथे हे खरं औषध आहे. पण गजकर्णात बुरशी असते आणि खरजेत जिवंत किडा असतो. तिथे शरीराचा पहारा झोपवला की त्यांना रान मोकळं. खाज मात्र तिथेही थांबते, आणि फसगत होते ती इथेच.

सगळ्यात जास्त नुकसान गजकर्णात, म्हणजे नायट्यात होताना दिसतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पाठोपाठ पावसाळ्याचा दमटपणा येतो. जांघ, काख, परकराच्या नाडीखालची कंबर, स्तनांखालची घडी इथे घाम साचतो आणि बुरशी रुजते. अशा वेळी हमखास मिळते ती ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब. तिच्यावरची नावं वाचा: क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडॅझोल, टर्बिनाफिन. नाहीतर बीटामेथासोन, जेंटामायसिन, मायकोनॅझोल. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि कडक स्टेरॉइड एकाच नळीत. बुरशी मारणारा घटक आहे, मग बिघडलं कुठे, असं कोणालाही वाटेल. बिघडतं असं की स्टेरॉइडचा परिणाम दोन दिवसांत दिसतो आणि बुरशी जायला कित्येक आठवडे लागतात. खाज थांबली की माणूस ट्यूब बाजूला ठेवतो, पुन्हा सुटली की पुन्हा लावतो. ट्यूब बदलत राहतात, बुरशी कायम.

नुसत्या गजकर्णाचा चट्टा ओळखू येतो. कड उचललेली, लालसर, किंचित खवल्यांची असते आणि मधला भाग निवळत गेलेला असतो. त्यावर महिनाभर स्टेरॉइड बसलं की कड पुसट होते, खवले दिसेनासे होतात, चट्टा जांघेतून मांडीवर आणि नितंबांवर पसरतो, कधी कड्याच्या आत दुसरं कडं उमटतं. मग डॉक्टरलाही पटकन ओळखता येत नाही. या वेश पालटलेल्या गजकर्णाला १९६८ सालीच ‘टिनिया इनकॉग्निटो’ असं नाव मिळालं आहे. त्यात भर म्हणजे ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी. २०२० साली तिला हे नाव मिळालं, आणि तिचे अनेक नमुने टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाला दाद देत नाहीत. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला पडेलच असं नाही. चट्ट्याची कड खरवडून ते खवले पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बुरशी बहुतेक वेळा थोड्याच वेळात दिसते. मात्र तपासणीच्या आधी काही दिवस काही लावलेलं नसावं. नायट्यावर फक्त बुरशीचं मलम लावायचं, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जास्त. त्वचा स्वच्छ दिसू लागल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचं. पसरलेला असेल तर डॉक्टर गोळ्याही देतात. घरात दुसऱ्या कोणाला असेल तर दोघांचा उपचार एकाच वेळी. टॉवेल, अंतर्वस्त्रं, चादर वेगळी, गरम पाण्यात धुतलेली आणि उलटी करून कडक उन्हात वाळवलेली. उन्हाची आपल्याकडे कमतरता नाही.

खरजेची खूण वेगळी. खाज रात्री वाढते, घरातले एकाहून अधिक जण खाजवतात, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ असतं. तिथे किडा मारणारं पर्मेथ्रिन ५ टक्के मलम, मानेपासून पायाच्या नखांपर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, ८ ते १४ तास ठेवायचं आणि आठवड्याने पुन्हा एकदा. किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. ती पाहून पुन्हा पुन्हा पर्मेथ्रिन लावू नये, त्याने त्वचा जळजळते.

आता ज्यांना स्टेरॉइड खरोखर हवं त्यांच्याबद्दल.

ट्यूब हातात घेऊन आधी टक्के विसरा. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सगळ्यात सौम्य, आणि क्लोबेटासॉल ०.०५ टक्के हे सगळ्यात कडक. आकडा वीस पटीने लहान, पण ताकद हायड्रोकॉर्टिसोनच्या सहाशे पटींपर्यंत. ताकद औषधाच्या जातीत असते. डेसोनाइड सौम्य गटातलं. क्लोबेटासोन मध्यम. मोमेटासोन, फ्ल्युटिकासोन, बीटामेथासोन व्हॅलरेट कडक. क्लोबेटासॉल आणि हॅलोबेटासॉल अतिकडक. क्लोबेटासोन आणि क्लोबेटासॉल या नावांत शेवटच्या अक्षरांचा फरक आहे आणि ताकदीत जमीन-अस्मानाचा. चिठ्ठी वाचणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही हे नाव बोट ठेवून वाचावं. ज्या नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सॉल’, ‘लोन’ किंवा ‘नाइड’ येतं ते बहुधा स्टेरॉइड असतं, एवढी खूणगाठ घरी पुरेशी आहे.

तेच औषध ऑइंटमेंटमध्ये, म्हणजे तेलकट-चिकट मलमात असेल तर क्रीमपेक्षा जास्त आत मुरतं. जाड, कोरड्या, भेगाळलेल्या इसबाला ऑइंटमेंट, ओल्या-पाझरत्या भागाला क्रीम, डोक्याला आणि केसाळ भागाला लोशन. मे महिन्यात पाठीवर ऑइंटमेंट थापलं तर घामोळ्या आणि केसांच्या मुळाशी पुटकुळ्या उठतात. हा औषधाचा नव्हे, निवडीचा दोष.

किती लावायचं हे बहुतेक चिठ्ठ्यांवर नसतं. ‘पातळ थर लावा’ म्हणजे किती? यासाठी १९९१ साली ब्रिटनमध्ये मोजून ठरवलेलं एक सोपं माप आहे. मोठ्या माणसाने तर्जनी आडवी धरावी. ट्यूब दाबून बोटाच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेघेपर्यंत मलमाची एक सलग वळी काढावी. ट्यूबचं तोंड साधारण ५ मिलिमीटरचं असेल तर हे जवळपास अर्धा ग्रॅम भरतं. आम्ही याला ‘पेरभर’ म्हणतो. तोंड बारीक असेल तर वळी दोनदा काढावी लागते, हे लक्षात ठेवा. पेरभर मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. ना कमी, ना जास्त. मोठ्या माणसाच्या एका हाताच्या पंज्याला दोन्ही बाजूंनी मिळून एक पेर, पंजा सोडून अख्ख्या हाताला तीन, पावलाला दोन, पावलाच्या वरच्या पूर्ण पायाला सहा.

हिशेब करून पाहा. चार वर्षांच्या मुलीला दोन्ही कोपरांच्या आणि दोन्ही गुडघ्यांच्या लवणीत इसब आहे. आईने आपला तळहात बोटांसकट त्या जागांवर ठेवून मोजलं, चारही मिळून दोन तळहात भरले. म्हणजे दिवसाला एक पेर, अर्धा ग्रॅम. दोन आठवड्यांचे ७ ग्रॅम. १० ग्रॅमची ट्यूब पुरून उरली पाहिजे. तीच ट्यूब तीन महिने पुरली तर औषध पोचलंच नाही, आणि चार दिवसांत संपली तर पाच पटीने जास्त लागलं. मूग-मटकीएवढं मलम घेऊन अख्ख्या पायाला चोळणारे आणि उटण्यासारखं थापणारे, दोघांचाही रोग हटत नाही.

लावायची रीत अशी. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ. जंतुनाशक द्रव बादलीत टाकू नये, इसबाची त्वचा त्याने अधिक चिडते. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. अंग किंचित ओलं असतानाच साधं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली. मग पंधरा ते तीस मिनिटं थांबून स्टेरॉइड, फक्त लाल, जाड, खाजणाऱ्या जागी, केसांच्या दिशेने हलक्या हाताने. दिवसातून एकदा पुरतं. दुसऱ्यांदा लावल्याने फायदा फारसा वाढत नाही, दुष्परिणाम वाढतात. मॉइश्चरायझरला मात्र हात आखडता घेऊ नका. पूर्ण अंगाचा इसब असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. या मलमांनी माखलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात, तेव्हा चुलीजवळ, गॅसजवळ जपून. ट्यूब खोबरेल तेलात कालवून ‘सौम्य’ करायचा प्रकारही बंद व्हावा. त्याने औषध सौम्य होत नाही, त्याचं प्रमाण मात्र बिघडतं.

किती दिवस? चेहरा, मान, जांघ, काख इथे सौम्य औषध पाच ते सात दिवस. अंगाच्या इतर भागावर कडक औषध एक ते दोन आठवडे. क्लोबेटासॉल सलग दोन आठवड्यांहून अधिक नाही, आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर कधीच नाही. तान्ह्या बाळाला डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि सौम्यच. लाली गेली म्हणून लगेच थांबू नये. डोळे मिटून बोट फिरवावं. शेजारच्या चांगल्या त्वचेइतकं मऊ लागलं की थांबावं. ज्या जागी इसब सारखा उलटतो तिथे नंतर आठवड्यातून दोनच दिवस, ठरलेल्या वारी, डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने लावलं तर तो उसळत नाही. हे सिद्ध झालेलं तंत्र आहे, पण ते रुग्णाला समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो ही खरी खंत.

जागेला एवढं महत्त्व का, तर त्वचा सगळीकडे सारखं शोषत नाही. हाताच्या कोपर ते मनगट या भागातून एक भाग औषध आत जात असेल, तर टाळूतून साडेतीन, कपाळातून सहा, जबड्यापाशी तेरा आणि अंडकोशाच्या त्वचेतून बेचाळीस भाग. तळपायातून जेमतेम सातवा हिस्सा. टाचेच्या भेगांना जे मलम सौम्य पडतं तेच जांघेत महिनाभर लावलं तर त्वचा कागदासारखी पातळ होते आणि जांभळट वळ उमटतात. ते वळ पुढे फिकट होतात, पण पूर्ण कधीच जात नाहीत. बाळाच्या डायपरखाली किंवा प्लास्टिकने झाकलेल्या जागी शोषण कित्येक पटींनी वाढतं, औषध रक्तात उतरतं, बाळाची कॉर्टिसॉल तयार करणारी स्वतःची ग्रंथी मंदावते, चेहरा गोल होतो, वाढ खुंटते. पापण्यांवर दीर्घकाळ लावल्यास डोळ्यांतला दाब वाढणं आणि मोतीबिंदू, दोन्ही संभवतात.

चेहऱ्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. लग्नसराईच्या आधी ‘गोरं करणारी’ म्हणून जी क्रीम घेतली जाते तिच्यात पुष्कळदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असतं. हे मिश्रण वांगावर काही आठवडे, रात्री, देखरेखीखाली वापरायचं औषध आहे. रंग उजळवण्याची क्रीम नव्हे. सुरुवातीला चेहरा खरंच नितळ दिसतो. दोन-तीन महिन्यांनी गालावर लाल केशवाहिन्यांचं जाळं, हनुवटीवर लव, तोंडाभोवती पुरळ. उन्हात गेलं की आग होते, आणि क्रीम एक दिवस चुकली तरी चेहरा सुजतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. अशा व्यक्तीने घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावू नये. बंद केल्यावर पहिले दोन आठवडे त्रास वाढतो, तो ओसरायला आठवडे, कधी महिने लागतात. थंड पाण्याच्या घड्या, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि डॉक्टरांनी दिल्यास टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम, एवढ्यावर हा काळ निभावतो. सोरायसिसवर पूर्ण अंगाला महिनोन्‌महिने क्लोबेटासॉल लावणाऱ्याने मात्र परस्पर एका दिवसात बंद करू नये. रोग पूभरल्या फोडांसकट उलटू शकतो. कडकावरून सौम्यावर, रोजवरून दिवसाआड, असं डॉक्टरांनीच उतरवत आणायचं असतं.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट. बांधावरचं गाजरगवत पापण्या, मान, कोपराच्या लवणी इथे चिवट इसब उठवतं, कारण त्याचे कण हवेतून अंगावर बसतात. कितीही भारी ट्यूब लावली आणि रोज त्याच बांधावरून गेलं तर ते थांबत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्याला रुमाल, घरी येताच अंघोळ आणि कपडे बदलणं हा अर्धा उपचार आहे. गवत फुलण्याआधी, आणि ज्याला त्रास नाही त्यानेच हातमोजे घालून उपटावं.

पुरळ काहीच नाही आणि अंगभर खाज आहे, तर मलम शोधू नका. साखर, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड तपासून घ्या. इसबावर पिवळे खवले धरले, पाणी-पू आला, ताप आला तर तो संसर्ग आहे, नुसत्या स्टेरॉइडने भागणार नाही. आणि खाजेसाठी परस्पर ‘लाल गोळी’ किंवा ‘एक इंजेक्शन’ देणाऱ्याला औषधाचं नाव कागदावर लिहून मागा.

२०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांची सवलत काढून ती चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं ठरवलं. ट्यूबवर तसा इशारा छापलेला असतो. औषध विक्रेत्या बंधूंना विनंती आहे की बिल द्यावं, बिलावर ट्यूबचं नाव असावं, आणि जुन्या चिठ्ठीवर वर्षभर तीच ट्यूब देत राहू नये. डॉक्टर मित्रांना विनंती की चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात: जागा, पेरांची संख्या, दिवसातून किती वेळा, आणि बंद करायची तारीख. अन्न व औषध प्रशासनाने तालुक्याच्या गावांतली विक्री तपासावी. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या त्वचारोग विभागात दाखवता येतं. जाताना लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. लाजून लपवलेल्या ट्यूबमुळे निदान चुकतं.

आणखी एक विनंती आपल्याला. आपल्या अंकात तर्जनीच्या पेरावरच्या मलमाचं एक साधं चित्र, शेजारी दोन उघडे तळहात, एवढं छापता आलं तर मेडिकलवाल्यांना ते कापून काउंटरच्या काचेखाली ठेवता येईल.

आपले,
त्वचारोग व औषधनिर्माण क्षेत्रातील काही वाचक,
जळगाव